अतिरंजित

"सदतीस आहेत," किरपेकर म्हणाले आणि टेबलाखालचं गोणपाट त्यांनी पायानं माझ्याकडे सरकवलं. "मे महिनाभर तुमचं कॉलेज बंद. निवांत वाचा."

मी वाकून सगळ्यांत वरचं बाड उचललं. पहिल्या पानावर स्केचपेननं तलवार काढली होती आणि तिच्यातून पिवळे किरण निघत होते. शीर्षक होतं, 'झ्राकोनियाचा शेवटचा वारस'.

"हे झ्राकोनिया कुठे आलं?"

"ते वाचून तुम्हीच मला सांगायचं, गर्गेबाई."

"वाचायची गरज नाही. वारसाच्या खांद्यावर चंद्रकोरीची खूण असणार. आईबाप लहानपणीच गेलेले असणार. एक दाढीवाला म्हातारा असणार. त्याला सगळं पहिल्या पानापासून ठाऊक असतं, पण तो दोनशेव्या पानापर्यंत तोंड उघडत नाही."

किरपेकर हसले. नाशकातलं त्यांचं प्रकाशन वडिलांपासूनचं होतं. पाठ्यपुस्तकांच्या मार्गदर्शिकांवर चालायचं आणि वर्षाला दोनतीन बरी पुस्तकं हौसेखातर काढायचं. ती बरी आहेत की नाहीत हे सांगायला मी होते. एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात त्यांच्याकडे आलेली हस्तलिखितं वाचून अभिप्राय लिहायचे. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि वाचक म्हणून मला नाशकात तोड नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं.

त्या वर्षी किरपेकरांनी स्पर्धा जाहीर केली होती. तेरा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी कादंबरी. एक तर रहस्यकथा, नाही तर अद्भुतकथा. भाषांतरित पुस्तकांचे गठ्ठे मुलं हातोहात उचलत होती, ते त्यांना दिसत होतं. जाहिरातीत शेवटी जाड अक्षरांत छापलं होतं, हस्तलिखित परत मिळणार नाही.

मी ते गोणपाट रिक्षातून घरी नेलं.

त्या महिन्यात मी जे वाचलं त्याची आठवण अजून जात नाही. अद्भुतकथा चौदा होत्या आणि चौदांमध्ये मिळून एकच राज्य होतं, फक्त नावं वेगळी, आणि त्यातलं एकही नाव मराठी जिभेला उच्चारता येण्यासारखं नव्हतं. प्रत्येकात एक भविष्यवाणी होती, ती पद्यात होती आणि तिचं यमक जुळत नव्हतं. रहस्यकथांत चार मित्र असत. चौघांतला एक चष्मेवाला असे आणि तोच हुशार असे. त्यांच्याबरोबर एक कुत्रा असे. सुट्टीत ते कुठल्या तरी किल्ल्यावर जात आणि किल्ल्यावर हमखास तस्कर उतरलेले असत. त्या तस्करांना महाराष्ट्रात लपायला दुसरी जागाच नव्हती. मुलांचे आईबाप त्या आठवड्यात नेमके बाहेरगावी असत, मोबाइलची बॅटरी ऐन वेळी संपे आणि शेवटच्या पानावर पोलीस इन्स्पेक्टर मुलांना सॅल्यूट ठोके. एका कादंबरीत रक्त पिणारा एक मुलगा होता. तो रात्री रक्त पीत असे आणि बारावीला जिल्ह्यात पहिला येत असे. लेखिकेनं त्याचे डोळे एकवीस वेळा वर्णिले होते. मी मोजलं.

मला सर्वांत जास्त चीड होती ती या पुस्तकांतल्या मोठ्या माणसांची. आई, बाप, शिक्षक, सगळे आंधळे आणि बहिरे. मुलगा सांगतोय की तळघरात कोणीतरी आहे, आणि आई म्हणते, आधी दूध पी. अशानं लेखकाचं काम सोपं होतं, बाकी काही नाही.

वीसेक बाडं झाल्यावर मी माझी एक पद्धत बसवली. सुरुवातीची तीस पानं नीट वाचायची, मग चाळायचं, शेवटची दहा पुन्हा नीट वाचायची. राज्याची वंशावळ आली की उलटायची. नकाशा, शपथा, सरदारांच्या याद्या आल्या की उलटायच्या. अभिप्राय मात्र मन लावून लिहायचे. ते लिहिताना मला खरी मजा यायची. किरपेकरांच्या कार्यालयात ते मोठ्यानं वाचले जायचे आणि शेजारच्या बाइंडरकडचे लोकसुद्धा ऐकायला येऊन उभे राहायचे, हे मला माहीत होतं. काही वाक्यं मी त्या लोकांसाठीच लिहायचे.

एकोणतिसावं बाड फुलस्केप वहीत होतं. निळ्या शाईत, लहान, सरळ अक्षर. 'भिंतीपलीकडचं राज्य'. लेखिका रे. शि. घोलप, आणि खाली पत्ता पिंपळखोरे नावाच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहाचा. दिंडोरीच्या पुढे कुठेतरी. लेखिका तिथे नोकरीला असेल असं मी धरून चालले. वसतिगृहातल्या मुलीनं कादंबरी लिहिली असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

गोष्ट अशी होती. वसतिगृहाच्या मागं पत्र्याची एक खोली. अधीक्षिका मुलींना तिथं कोंडते. कारण काहीही चालतं: भात सांडला, घरी पत्र लिहिलं, झोपेत बोलली. कधी चार तास, कधी दोन दिवस. नायिका एकदा कोंडली गेली असता तिला मागच्या भिंतीतून वाट सापडते आणि ती एका राज्यात जाते. तिथला राजा मुलांना कैद करत असतो. पुढं ठरलेलंच सगळं, लढाई, पूल, पांढरा घोडा. मधे 'कैद्यांची वही' नावाचं प्रकरण होतं. पानंच्या पानं नावं, तारखा, तास. आली सरदारांची यादी, असं मी म्हणाले आणि उलटत गेले.

मग मी लिहिलं. तो मजकूर मला आजही तोंडपाठ आहे, कारण नंतर तो मला बऱ्याच वेळा ऐकावा लागला.

'क्र. २९. या लेखिकेची कल्पनाशक्ती दोनच दिशांना धावते: भिंतीपलीकडे आणि मर्यादेपलीकडे. वसतिगृहातील छळाचे चित्रण अतिरंजित असून कोणाही सुजाण वाचकाला ते पटणार नाही. मुख्याध्यापक, तपासणीस आलेले साहेब, नायिकेचे वडील, सगळेच बहिरे. कारण एकानेही ऐकले तर कादंबरी चाळिसाव्या पानावर संपेल. अधीक्षिका पत्त्यांतल्या राणीइतकीच जिवंत आहे. कैद्यांची यादी म्हणजे पाने भरण्याचा उद्योग. लेखिकेने काही काळ लिहिणे थांबवून आजूबाजूला नीट पाहावे.'

खाली सही, वृं. गर्गे, आणि सहीखाली हुद्दा व कॉलेजचं नाव.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी सगळे अभिप्राय किरपेकरांना दिले. बक्षीस अकराव्या क्रमांकाला. त्यातही तलवार होती, पण निदान व्याकरण शुद्ध होतं.

"आणि ही बाकीची?" मी विचारलं.

"रद्दीत. परत करायची नाहीत असं जाहिरातीत म्हटलंय आपण."

"परत करा. प्रत्येकाबरोबर माझा अभिप्राय जोडा."

"गर्गेबाई, पोरंसोरं असतील त्यात. कशाला उगाच दुखवायचं?"

"कोणीतरी सांगायला हवं त्यांना. नाहीतर पुढच्या वर्षी आणखी सदतीस येतील."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खांदे उडवले. ते मऊ स्वभावाचे होते आणि माझ्याशी वाद घालायचं टाळायचे. छत्तीस पाकिटं पोस्टात गेली. पत्ते मी स्वतः तपासून पाहिले होते.

*

जुलैच्या मध्यावर एक दिवस दुपारी शिपाई स्टाफरूममध्ये आला आणि म्हणाला की एक मुलगी भेटायला आलीय. दोन वेण्या, पिवळा पंजाबी ड्रेस, हातात कापडी पिशवी. पंधरा वर्षांची असेल. माझ्या वर्गातली वाटली नाही.

"वृं. गर्गे तुम्हीच का?"

"हो. काय काम आहे?"

तिनं पिशवीतून एक झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. माझाच अभिप्राय होता. कडेला माझी सही पुसट आली होती.

"मी रेश्मा शिवाजी घोलप."

माझ्या ध्यानात आलं. नापसंत झालेले लेखक कधीमधी भेटायला येत. काही रडत, काही भांडत. मी त्यांच्यासाठी ठेवलेला आवाज काढला. "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. या वयात असं लिहिलं जातंच."

"राज्याचा भाग वाईटच आहे," ती म्हणाली. "मला माहितीये. शाळेत पुस्तकांची एक पेटी आहे, तिच्यात सगळी तसलीच आहेत. राजा वाईट असतो आणि शेवटी पळून जातो. एवढा मोठा राजा, आणि आठवीतल्या पोराला घाबरून पळतो. मला हसू यायचं वाचताना. मी तसंच लिहून टाकलं."

"मग लिहिलंस कशाला?"

"जाहिरातीत होतं, रहस्यकथा किंवा अद्भुतकथा. नुसतं खरं लिहून पाठवायची स्पर्धा नव्हती कुठे."

"खरं म्हणजे?"

"वसतिगृहाचा भाग."

स्टाफरूममध्ये तेव्हा दोघेतिघे होते. कोणीतरी डबा उघडत होतं. मी खुर्ची पुढं ओढली आणि तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

तिनं जे सांगितलं ते कादंबरीपेक्षाही कमी शब्दांत सांगितलं. खोली खरी होती. ती मुख्याध्यापकांना बोलली होती, त्यांनी वसतिगृह आपल्याकडे येत नाही असं सांगितलं. वर्षातून एकदा साहेब येत, ते आले त्या दिवशी जिलबी होती आणि देवरेबाई, म्हणजे अधीक्षिका, साहेबांच्या बाजूलाच बसून होत्या. वडील म्हणाले होते, बाई रागावल्या असतील, तू नीट वाग. ते द्राक्षबागेत कामाला होते आणि वसतिगृह नसतं तर मुलीची शाळा आठवीलाच सुटली असती.

"मग मला जाहिरात दिसली," ती म्हणाली. "म्हटलं नाशिकची शिकलेली माणसं वाचतील. सगळं वाचावंच लागेल त्यांना, स्पर्धा आहे म्हटल्यावर. वाचलं की कोणीतरी विचारेल, ही यादी कसली. आणि हस्तलिखित परत येणार नाही असं लिहिलं होतं. ते बघूनच वसतिगृहाचा पत्ता दिला."

मी ती झेरॉक्स उलटी करून ठेवली.

"पाकीट बाईंच्या हातात पडलं. त्यांनी वही बंबात घातली."

"आणि तुला कोंडलं?"

"नाही. मलाही वाटलं होतं कोंडतील. त्यांनी तुमच्या कागदाच्या झेरॉक्स काढल्या. एक मुख्याध्यापकांना दिली, एक वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टच्या लोकांना, एक माझ्या वडलांना. म्हणाल्या, नाशिकच्या प्राध्यापक बाईंनी पण लिहून दिलंय की हे सगळं खोटं आहे."

"मी खोटं नाही लिहिलं. अतिरंजित लिहिलंय."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. मी ते इथं मुद्दाम लिहून ठेवते आहे. समोर ती मुलगी उभी होती आणि मी तिला शब्दाचा अर्थ समजावत होते.

"वडलांना अतिरंजित म्हणजे काय ते माहीत नाही," ती म्हणाली. "देवरेबाईंनी खोटं असं सांगितलं."

तिला वसतिगृहातून काढलं होतं. दहावीचं वर्ष होतं. पण ती त्यासाठी आली नव्हती. सातवीत निर्मला नावाची एक मुलगी होती, तिला दम लागायचा, आणि पत्र्याच्या खोलीत तांदळाची पोती असत. पोत्यांची धूळ उडाली की तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. निर्मला अजून तिथंच होती.

"मला दुसरा अभिप्राय लिहून द्या," रेश्मा म्हणाली. "आणि यादी. मला सगळी आठवत नाही, चौसष्ट नोंदी होत्या. वही तुमच्याशिवाय कोणी वाचलेली नाही. तुम्हाला काय काय आठवतं?"

"वाचली होती मी," मी म्हणाले. "पण आता नीटसं आठवत नाही."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं. दोन महिने झाले होते, आणि बाईंनी सदतीस कादंबऱ्या वाचल्या होत्या.

त्या दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात आम्ही बसलो. ती आठवून सांगत होती आणि मी लिहीत होते. एकतीस नोंदी झाल्या. साडेपाचची एसटी होती, तिला मी स्टँडवर सोडलं.

*

दोन दिवसांनी किरपेकरांची मारुती व्हॅन घेऊन आम्ही दोघं पिंपळखोऱ्याला गेलो. मी त्यांना सगळं सांगितलं होतं, उलटलेल्या पानांखेरीज.

सुलभा देवरे पन्नाशीच्या, नीटनेटक्या, गोड बोलणाऱ्या बाई निघाल्या. मी पत्त्यांतली राणी म्हटलं होतं, तसं त्यांच्यात काही नव्हतं. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि माझे आभार मानले.

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं, मॅडम. हल्ली मुली हे जादूटोण्याचं, खुनाबिनाचं वाचतात आणि डोक्यात घेतात. मी ती पेटीच बंद करायला लावलीय शाळेला."

"मला मागची खोली बघायचीय," मी म्हणाले.

"चला की."

त्यांनी स्वतः कुलूप काढलं. पोती एका बाजूला लावलेली होती, जमीन शेणानं सारवलेली होती. अशा कादंबऱ्यांत इथं भिंतीवर नखानं कोरलेली नावं सापडतात, किंवा पोत्यामागं तुटलेली बांगडी. मी पोतं सरकवून पाहिलं. भिंतीला चांगला ओला चुना होता, बोटाला लागला.

परतताना मुली ओळीनं जेवायला बसल्या होत्या. एकीनंही मान वर केली नाही. निर्मला कोणती, ते मला ओळखता आलं नाही.

"आता?" व्हॅनमध्ये किरपेकर म्हणाले.

"आता अर्ज."

पुढचे तीन महिने सरकारकडे चौकशी मागणाऱ्या अर्जांत गेले. त्यात वाचनीय असं काहीच नव्हतं. मी रविवारी एसटीनं जायचे, यादीतल्या मुलींची घरं शोधायचे. काही दारं उघडलीच नाहीत. रेश्माच्या घरी गेले तेव्हा तिचे वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, तुमीच लिवलं व्हतं ना खोटं म्हून? आन आता तुमीच म्हनता खरं. आमी कोनतं धरायचं?"

मी म्हणाले, आत्ताचं धरा.

शेवटी तीन आया जबाब द्यायला तयार झाल्या. तीन. त्यात निर्मलाची आई होती. ती दसऱ्याला मुलीला घरी घेऊन आली होती आणि तिनं परत पाठवली नव्हती.

*

शेवट काय झाला ते इथंच सांगून टाकते, म्हणजे कोणी वाट पाहत बसणार नाही. रहस्यकथेत होतो तसा झाला नाही. कोणी सॅल्यूट ठोकला नाही. पत्र्याची खोली पाडली. देवरेबाईंना त्या वसतिगृहातून हलवलं, आणि ट्रस्टनं त्यांना आपल्याच दुसऱ्या संस्थेत समन्वयक करून घेतलं, म्हणजे एका अर्थी बढतीच. तिथून त्यांना जायला आणखी दोन वर्षं लागली. बक्षीस मिळालेली तलवार किरपेकरांनी छापली, तिच्या चार आवृत्त्या निघाल्या, आणि तिच्यातला दाढीवाला म्हातारा अजूनही दोनशेव्या पानापर्यंत गप्प असतो. रेश्मा ओझरला मावशीकडे राहून दहावी झाली, पुढं फार्मसी केली. तिचं औषधांचं दुकान आहे. मला वाटलं होतं ती लेखिका होईल. एकदा तसं म्हणालेही. ती म्हणाली, "कशाला? पुन्हा तुम्हीच वाचाल." अजून ती तसलीच पुस्तकं वाचते आणि मला फोन करून त्यांची सालटी काढते. ते ऐकायला मला आवडतं. मी स्वतः त्यानंतर एकही अभिप्राय लिहिला नाही.

पण मला सांगायचा आहे तो चौकशीचा दिवस. नोव्हेंबर होता.

सरकारी कार्यालयातली एक लांब खोली. टेबलाच्या मागं चौकशी अधिकारी, मध्यमवयाचे गृहस्थ. शेजारी हातानं जबाब उतरवून घेणारा लिपिक. एका बाजूला देवरेबाई आणि ट्रस्टचे वकील. भिंतीलगतच्या बाकावर तीन आया आणि कडेला रेश्मा.

आयांचे जबाब सकाळीच झाले होते. वकिलांनी प्रत्येकीला विचारलं होतं, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का. त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मग त्यांनी एकतीस नोंदींचा माझ्या अक्षरातला कागद हातात घेतला.

"ही यादी जुलैमध्ये तयार झाली," वकील म्हणाले. "मुलीला वसतिगृहातून काढल्यानंतर. रागापोटी. मूळ वहीत अशी काही यादी होती याला पुरावा नाही. असलीच तर ती गोष्टीतली होती, राजाच्या कैद्यांची. आणि ती वही ज्या एकमेव व्यक्तीनं वाचली, त्या प्राध्यापक बाईंचं तेव्हाचं मत आपल्यासमोर लेखी आहे."

त्यांनी माझा अभिप्राय मोठ्यानं वाचला. चांगला वाचला. 'आजूबाजूला नीट पाहावे' या वाक्याला दाराशी उभा असलेला शिपाई हसला. किरपेकरांच्या कार्यालयात लोक नेमके त्याच ठिकाणी हसले असतील.

"हा अभिप्राय तुमचाच?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

"हो."

"यात तुम्ही अतिरंजित म्हणता. आता अर्जात म्हणता की सगळं खरं आहे. मॅडम, तुम्ही मराठीच्या प्राध्यापक आहात. त्याच वहीबद्दल तुमची दोन मतं कशी?"

मी उत्तर तयार करून आणलं होतं. कादंबरी म्हणून दिलेलं मत वेगळं, वस्तुस्थिती वेगळी. वाङ्मयीन निकष, वास्तव आणि त्याचा आभास. पाच मिनिटं बोलता आलं असतं. मी घसा साफ केला आणि माझ्या लक्षात आलं की वकील त्याचीच वाट पाहताहेत. मी यादी वाचून ती पानं भरण्याचा उद्योग आहे असं ठरवलं, असं म्हटलं, तर ती यादी तशीच ठरत होती. एका जाणत्या वाचकानं पाहून, पारखून, खोटी म्हणून बाजूला टाकलेली.

"माझं त्या यादीबद्दल काही मतच नव्हतं," मी म्हणाले. "मी ती वाचली नव्हती."

"म्हणजे?"

"यादी वहीत होती. पानंच्या पानं होती, नावं आणि तारखा. राजाच्या सरदारांची असेल असं समजून मी ती पानं न वाचता उलटली. आणि मग वाचल्यासारखा अभिप्राय लिहिला. बाकीची वहीही मी चाळली होती. नीट वाचली ती पहिली तीस पानं आणि शेवटची दहा."

वकिलांनी कागद खाली ठेवला. देवरेबाई पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहायला लागल्या.

"तरी तुम्ही सही केलीत?" अधिकारी म्हणाले.

"केली. आणि नियम मोडून वही परत पाठवायला लावली तीही मीच."

लिपिकानं पेन वर केलं. "मॅडम, जरा सावकाश सांगता का? शब्दशः घ्यावं लागतं."

मी पुन्हा सांगितलं. माझं वाक्य मी वर्गात शुद्धलेखन घालते तसं तोडून तोडून सांगितलं आणि तो ते उतरवत गेला. सदर यादी. मी. न वाचता. उलटली. तो 'उलटली'ला थांबला आणि त्यानं विचारलं, "किती पानं?"

मला माहीत नव्हतं. मी बाकाकडे वळले. रेश्मा माझ्याकडेच पाहत होती. चार महिने ती माझ्याबरोबर हिंडली होती आणि मी यादी वाचली होती असंच ती त्या क्षणापर्यंत समजत होती. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. मी वाईट पुस्तक मिटून ठेवताना माझा चेहरा कसा होत असेल ते मला त्या दिवशी दिसलं.

"एकोणीस," ती म्हणाली.

"एकोणीस," मी लिपिकाला सांगितलं, आणि त्यानं ते आधी अंकात लिहिलं, मग पुढं कंसात अक्षरात.